धोंड्याच्या महिन्यातला डाव

आमच्या घरात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी दोन ते पाच कुणी कुणाला काही विचारत नसे. अण्णा तोंडावर पेपर टाकून पडायचे आणि त्यांच्या श्वासाबरोबर पेपरचं वरचं पान उठायचं, बसायचं. आई गच्चीवर कुरडया राखत एका डोळ्यानं झोपायची. कावळा आला की दुसरा डोळा उघडायचा. अशा वेळी मी चप्पल हातात घेऊन जिना उतरायची, फाटकाची कडी नुसती सरकवली तर किंचाळते म्हणून आधी वर उचलून मग सरकवायची, आणि कळंबच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, बोळातून थेट बापूचं दुकान गाठायची. बापू माझा चुलतभाऊ. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील', आणि सकाळी ते खरंही असायचं. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, अख्खा तालुका त्याच्या पाच कॉम्प्युटरपुढं ताटकळत बसलेला असायचा. पण दुपारी सरकारी सर्व्हर झोपायचा. सर्व्हर झोपला, गाव झोपलं, की ते पाच कॉम्प्युटर आमचे. आई समजायची की मी बारावीनंतरचे फॉर्म भरायला जाते. दोन महिने रोज फॉर्म भरणाऱ्या मुलीचं काय काय होईल, याची तिला उलट आशाच वाटत असावी.

आता इतक्या वर्षांनी तो खेळ समजावून सांगायचा म्हणजे पंचाईत आहे, पण त्याच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. पाचजण या बाजूला, पाचजण त्या बाजूला. प्रत्येकानं एकेक वीर निवडायचा. कुणी उडणारा, कुणी भिंतीतून आरपार जाणारा, कुणी नुसताच आडदांड. प्रत्येकाजवळ एक बंदूक आणि चार विद्या. मैदानाच्या दोन टोकांना दोन गढ्या, आणि एका गढीपासून दुसरीपर्यंत तीन रस्ते. रस्त्यांवर बुरूज. थोड्या थोड्या वेळानं दोन्ही गढ्यांतून लाकडी शिपायांची रांग आपोआप निघायची आणि चालत सुटायची. आपण त्यांच्या मागनं जायचं, समोरचे शिपाई टिपून ताकद कमवायची, त्या ताकदीवर नवी हत्यारं घ्यायची, बुरूज पाडत समोरच्या गढीत शिरायचं आणि आतला धडधडणारा निळा दगड फोडायचा. दगड फुटला की डाव संपला. तीन रस्त्यांना आम्ही आमची नावं दिली होती: येरमाळा रोड, ढोकी रोड आणि केज रोड. रस्त्यांच्या मधलं जे रान होतं त्याला आम्ही रामलिंग म्हणायचो, कारण येडशीच्या रामलिंगला माकडं जशी अचानक अंगावर येतात तसे त्या रानातून शत्रू यायचे. त्या रानात एक राक्षसही राहायचा. त्याच्यावर शेवटचा घाव ज्याचा बसेल त्याच्या संघाला अचाट बळ मिळायचं.

आणि या खेळात मरण कायमचं नसायचं. मेलेला वीर थोडा वेळ अंधारात बसायचा आणि मग आपल्या गढीत ताजातवाना उभा राहायचा. डाव जितका लांबेल तितकं हे बसणं लांबायचं. म्हणून कुठं मरावं आणि कधी मरावं, ही या खेळातली सगळ्यात मोठी अक्कल. योग्य जागी एकजण मेला तर समोरचे पाचही त्याला मारायला एका रस्त्यावर गोळा व्हायचे आणि उरलेल्या चौघांना दुसरा रस्ता मोकळा मिळायचा. आम्ही दिवसातून वीस वेळा एकमेकांना 'मर' म्हणायचो. "इम्रान, मर तिथंच." "मर गया." "शाब्बास." एकदा सातबाऱ्यासाठी बाहेर बाकावर बसलेले एक आजोबा आत डोकावून म्हणाले, "कोण गेलं रं, बापू? वळखीचं हाय का?" बापू म्हणाला, "न्हाय आजोबा, येतोय परत अर्ध्या मिनिटात." आजोबांनी सातबारा मात्र दुसऱ्या दुकानातून काढला.

आमचा संघ म्हणजे बापू, शिंप्याच्या घरचा इम्रान, न बोलणारा गणू, वैभव आणि मी. मला कंदीलवाली म्हातारी मिळालेली. तिची बंदूक मुळमुळीत, पण कंदील धरला की आपली माणसं बरी व्हायची. मागं उभी राहिल्यामुळं मला तिन्ही रस्ते दिसायचे आणि म्हणून हाका मारायचं काम माझ्याकडं आलं. मला ते मनापासून आवडायचं. घरात माझ्या बोलण्याला कढीलिंबाइतकी किंमत होती, पण कानाला हेडफोन लावले की मी 'मागं' म्हटल्याबरोबर चार दांडगी माणसं मागं यायची. हे सुख ज्याला मिळालं नाही त्याला ते सांगून कळणार नाही.

अण्णांना हे कळलं ते एका सकाळी. ते भूगोलाचे मास्तर. बापूच्या दुकानात शाळेचं काहीतरी भरायला गेले आणि भिंतीवर त्यांना कागद दिसला: 'जिल्हास्तरीय स्पर्धा, धाराशिव', खाली पाच नावं आणि कर्णधार म्हणून माझं. घरी आले तेव्हा मी भाकरी थापत होते. वाटलं, आता भाकरीऐवजी मीच थापली जाणार. पण अण्णा रागावले की हळू बोलतात. "कुठला खेळ हाय म्हणं हा?" मी सांगितलं. आणि सांगण्याच्या भरात तेही सांगून टाकलं जे मी दोन महिने गिळून बसले होते, की पुण्यात असे खेळ तयार करायला शिकवणारा कोर्स आहे आणि मला तिथं जायचंय. आईच्या हातातलं उलथणं तव्यावर पडलं. अण्णांनी ते उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाले, "ह्याला डोकं लागतं म्हणतीस?" "लागतं." "मग जिंकून दाखव धाराशिवला. जिंकलीस तर पुण्याचं बघू. न्हायतर इथं कॉलेज हाय, बीएस्सी कर, गप घरी राहा." आई म्हणाली, "अहो, असं काय बोलताव पोरीसंगं?" ते म्हणाले, "जिंकत न्हाय ती." मास्तर माणूस, पेपर तपासायच्या आधी निकाल लावायची सवय.

स्पर्धेला तीन दिवस उरले असताना वैभव पोलीस भरतीच्या धावण्याच्या तयारीला म्हणून लातूरला निघून गेला. आणि त्याच दिवशी दुपारी ताईला घेऊन दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, तामलवाडीचे. घरची बागायत, दाराशी ट्रॅक्टर, माणूस सरळ. पण त्यांच्यात एक गोष्ट होती, ती म्हणजे त्यांना काहीही सांगा, ते 'बघू' म्हणायचे. पाणी घेता का? बघू. खुर्ची सरकवता का? बघू. आणि बघत बसायचे. त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि ताईच्या लग्नानंतरचा तो पहिलाच. पहिल्या धोंड्याला जावयाचा जो थाट असतो तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. अनारसे तेहेतीस, बत्तासे तेहेतीस, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून, आणि आई दर तासाला दाजींना विचारणार, "पोट भरलं का हो?" मुलगी आणि जावई या महिन्यात लक्ष्मी-नारायण असतात. आईनं आम्हाला दाराआड घेऊन बजावलं होतं, "साक्षात नारायण हायत ते ह्या महिन्यात. त्यांच्या मनाविरुद्ध एक सबुद काढायचा न्हाय." नारायण मात्र दुसऱ्याच दिवशी कंटाळले. जेवायचं, लोळायचं, पुन्हा जेवायचं. आई मला म्हणाली, "त्यांला घेऊन जा की बापूकडं. मोबाइलवर ठो ठो खेळत बसलेले असतेत." मी म्हटलं, आई, तो खेळ वेगळा. ती म्हणाली, "एक माणूस कमी हाय न्हवं तुमच्यात?" ही बातमी तिला कुठून लागली हे मला आजही माहीत नाही.

दाजींनी आमच्यातला सगळ्यात मोठा वीर निवडला. आम्ही त्याला रेडा म्हणायचो. त्याचं काम पुढं उभं राहून मार खाणं, आणि मी सांगेन तेव्हा मागं येणं. आता जावयाला रेडा कसं म्हणायचं? बापूच्या मोबाइलवरचं वीरांचं चित्र बघून आईनं विचारलं, "ह्यात दाजी कोणते?" तर बापू पटकन म्हणाला, "ते मानाचे, शिंगं असलेले." दाजींचा नेम चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. पण 'मागं या' म्हणायची माझी हिंमत होईना. वैभवला मी 'मागं!' एवढंच म्हणायची, अर्धा सेकंद. दाजींसाठी माझं वाक्य असं व्हायचं: "दाजी, तुम्हाला जमत असंल तर, म्हणजे लगेच असं न्हाय, पण जरा मागं येता का?" हे वाक्य 'जमत' या शब्दापर्यंत पोचायच्या आत रेडा पडलेला असायचा. आणि मेल्यावर दाजी शांतपणे म्हणायचे, "हां, बघू की." इम्रान माझ्या कानात कुजबुजला, "मने, बोल ना उनकू सीधा." मी म्हटलं, "तू बोल." तो म्हणाला, "मैं कैसा बोलूं? तुमच्या घरचे जावई." गणू तर तसाही बोलत नसे. मला झोप लागेना. पुणं माझ्या डोळ्यांदेखत केज रोडनं चालत निघून गेलं होतं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात, कार्यालयं ओस पडतात, म्हणून आयोजकांना जागा मिळाली. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर, थर्माकोलच्या कमानीखाली, दहा कॉम्प्युटर मांडले होते. समोर लाल कापडाच्या खुर्च्या. सूत्रसंचालकही तोच माणूस जो लग्नात 'पाहुण्यांनी जेवणासाठी पहिल्या मजल्यावर चलावं' म्हणतो, आणि त्याच्या हातात तोच माईक. दाजी जाणार म्हटल्यावर ताई आली, ताई येणार म्हटल्यावर आई आली, आई आली म्हणजे डबे आले, आणि डबे सांभाळायला अण्णा आले. निदान ते तसं म्हणाले. आई सवयीनं पहिल्या रांगेत, मुलीकडच्यांच्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं शेजारच्या बाईंना विचारलं की मुलाकडचे कुठले.

दोन फेऱ्या आम्ही कशाबशा पार केल्या. समोरचे आमच्याहूनही कच्चे निघाले. अंतिम सामना तुळजापूरच्या पोरांशी. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. ती पाचही पोरं पुजाऱ्यांच्या घरची, सख्खी-चुलत. गर्दीला पुढं सरकवायची त्यांना घरचीच सवय. "पुढं! चल! मागं! मर!" एकेक शब्द, चाबूक वाजल्यासारखा. आणि आमच्या बाजूनं काय ऐकू येत होतं? "दाजी, तुम्हाला योग्य वाटलं तर..."

पहिल्या डावात आमचं बरं चाललं होतं. रामलिंगात राक्षसाला आम्ही पाचांनी मिळून इतकं झोडलं की त्याच्यात आता एका गोळीचाच जीव उरला. आणि तिथं आमच्या घराण्याचे संस्कार जागे झाले. बापू थांबला. "दाजी, घ्या तुम्ही." दाजी म्हणाले, "आरं, तुम्ही घ्या की." इम्रान म्हणाला, "न्हाय न्हाय, दाजी, मान तुमचा." दाजी म्हणाले, "मी पाव्हणा माणूस. मनीला घेऊ द्या." मी म्हटलं, "छे, दाजी, तुमच्याआधी मी कशी घेणार?" राक्षस आमच्याकडं आळीपाळीनं बघत उभा होता. तेवढ्यात झाडाआडून तुळजापूरच्या एका पोरानं विचारपूस न करता एक गोळी घातली आणि राक्षस त्यांचा झाला. तीन मिनिटांत आमचा दगड फुटला. पहिल्या रांगेतून आई मोठ्यानं म्हणाली, "किती समजूतदारपणानं खेळले बाई आपले!"

मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी होती. आईनं डबे उघडले. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि दाजींसाठी वेगळ्या डब्यात धोंडे. तुळजापूरच्या पोरांनाही तिनं बोलावून बसवलं, आणि आम्हाला हरवणारी ती पोरं आमचेच धपाटे खात "काकू, लई भारी" म्हणत होती. अण्णा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "मधल्या रस्त्यानं तो एकटा का जातोय? डाव्या अंगाला तुमची चार माणसं हायत, उजव्या अंगाला बुरूज पडलाय. त्या शिंगवाल्याला मधी काय काम हाय?" ते बंदुका बघत नव्हते, त्यांनी नकाशा वाचला होता. "तुला दिसलं न्हाय का?" "दिसलं." "मग सांगत का न्हाईस?" मी म्हटलं, "दाजी हायत, अण्णा." अण्णांनी दाजींकडं पाहिलं, मग डब्याकडं, आणि चटणीचं झाकण लावत म्हणाले, "व्हय. ते हायच." त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण माझं लक्ष त्या वेळी माझ्याच पुण्यावर होतं.

दुसरा डाव लांबला. खूप लांबला. दोन्हीकडचे बाहेरचे बुरूज पडले, मेलेला माणूस आता जवळजवळ मिनिटभर अंधारात बसू लागला. शेवटी असं झालं की बापू, इम्रान, गणू आणि मी येरमाळा रोडनं त्यांच्या गढीच्या दाराशी पोचलो होतो आणि दाजी एकटे पार केज रोडवर होते. तुळजापूरचे पाचही दाजींच्या दिशेनं निघाले होते. दाजी तिथं पाय रोवून उभे राहिले आणि मेले, तर आम्हाला वीस सेकंद मिळणार होते. दगड फोडायला तेवढे पुरे. पण दाजींनी ते पाचजण पाहिले आणि वळले. पळत आमच्याकडंच यायला लागले, म्हणजे पाचहीजणांना आमच्या अंगावर घेऊन. मी म्हटलं, "दाजी, तुम्हाला जमत असंल तर..." आणि मला दिसलं की हे वाक्य पुरं झालं की माझं कळंबच्या बाहेर पडणं संपलं. बीएस्सी, मग स्थळं, मग कुणाच्यातरी दारातला ट्रॅक्टर. माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवून बोलले नाही.

"दाजी, मरा!"

"आँ?" दाजी म्हणाले.

"मरा म्हणते ना! माघारी फिरा! तिथंच उभं राहा आणि मरा!"

सभागृहात पंख्यांची घरघर तेवढी राहिली. आणि त्या शांततेत माईकवाल्यानं त्याच्या लग्नातल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "कळंबच्या संघाकडून आदेश आलेला आहे की दाजींनी मरायचं आहे." आई खुर्चीतून उठून उभी राहिली. धोंड्याच्या महिन्यात, पहिल्या धोंड्याला, साक्षात नारायणाला त्याच्या सख्ख्या मेहुणीनं भरल्या मांडवात मरायला सांगितलं होतं.

आणि दाजी फिरले. 'बघू' म्हणाले नाहीत. शिंगं खाली घालून सरळ त्या पाचांच्या मध्ये गेले, डरकाळी फोडायची त्यांची विद्या वापरली, आणि जागेवरून न हलता मेले. आम्ही दगड फोडला. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, आणि त्या आमच्यासाठी नव्हत्या. "दाजी! दाजी!" असा गजर झाला. दाजी हेडफोन काढून भांबावून बघत होते. त्यांच्यासाठी इतक्या टाळ्या त्यांच्या लग्नातही वाजल्या नव्हत्या. आई कार्यालयाच्या स्वयंपाकघरात धावत गेली, कुणाकडून तरी मीठ-मोहऱ्या मिळवल्या आणि तिसरा डाव सुरू व्हायच्या आत स्टेजवर चढून तिनं जावयाची दृष्ट काढली. पंचांनी हरकत घेतली नाही. नियमात तसं काही नव्हतं.

तिसऱ्या डावाबद्दल थोडक्यात सांगते. दाजींना मरणाची गोडी लागली. डाव सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच ते ढोकी रोडनं एकटे निघाले. "दाजी, आत्ता न्हाय!" "आगं मरतो की!" "मरू नका, दाजी!" "मेलो बघ मने!" आणि वळून लोकांकडं बघायचे. त्यांच्या दर मरणाला तुळजापूरची पोरं आणखी ताकदवान होत गेली. दाजी अकरा वेळा मेले. शेवटी शेवटी लोकांनीही टाळ्या थांबवल्या. आमचा दगड फुटला तेव्हा दाजी अंधारातच बसलेले होते. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, एक छोटा चषक, आणि संघातले वडीलधारे म्हणून शाल-नारळ दाजींना.

परतीला जीप केली होती. येडशीला चहाला थांबलो तेव्हा आईनं सगळ्यांना कप दिले, माझा कप जीपच्या बॉनेटवर ठेवून दिला. घरी आल्यावर ती चुलीपाशी उभी राहून मला म्हणाली, "पुणंबिणं काय न्हाय आता. जिंकली असतीस तरी धाडली नसती. आपल्या जावयाला मर म्हणणारी पोर दुसऱ्याच्या गावात काय दिवे लावंल?" ताई खाली मान घालून धोंड्यांचं पुरण वाटत बसली. मी मागच्या अंगणात जाऊन रडले. सरळच सांगते, हरल्यापेक्षा मला हे लागलं की माझी चूक काय, तेच मला कळत नव्हतं. मी बरोबर हाक दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर वेळेला बरोबर हाक दिली होती.

दिवेलागणीच्या सुमारास अण्णा अंगणात आले. बाजेवर बसले. मी डोळे पुसले. त्यांनी चपलेनं मातीत रेघा ओढल्या, तीन रेघा, मध्ये एक गोळा. मग म्हणाले, "दुसऱ्या डावात तू बोललीस आणि तो फिरला."

"व्हय."

"लगेच फिरला. एका शब्दात."

"व्हय, अण्णा."

"लग्नात बोलणं झालं होतं," अण्णा म्हणाले, "की तुझ्या ताईचं बीएड पुरं करू देतेल. एक वर्षच राहिलंय. मी वर्षभर त्यांला म्हणतोय, पाव्हणे, तेवढं बघा. ते म्हणतेत बघू. मी फोन केला, बघू. पत्र लिहिलं, त्याचं उत्तर न्हाय. मुलीचा बाप मी, ह्याच्या पल्याड मला बोलता येत न्हाय गं. जीभच वळत न्हाय." वर्गात साठ पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारा माणूस, आणि त्याचा आवाज असा बसलेला मी कधी ऐकला नव्हता. "फॉर्मची मुदत ह्याच आठवड्यात संपतीय. तू सांगतीस का त्यांला?"

ताईनं मला हे कधीच सांगितलं नव्हतं. तिची बीएडची पुस्तकं आमच्याच माळ्यावर होती, ती पुढं कधीतरी सासरी नेईल असं मला वाटायचं. आज ताई मला म्हणते की मी त्या दिवशी फारच ताडताड आत गेले. मला आठवतं ते असं की मी वाटेत दोनदा थांबले.

दाजी पाटावर बसले होते. समोर ताट, ताटाभोवती रांगोळी, खांद्यावर बक्षिसाची शाल तशीच. आई तूप वाढत होती. मी दारात उभी राहिले. 'तुम्हाला जमत असंल तर' हे शब्द जिभेवर आले, ते मी गिळले.

"दाजी, ताईला बीएडला पाठवा."

आईच्या हातातली तुपाची वाटी वाकडी झाली. दाजींचा घास ताट आणि तोंडाच्या मध्ये थांबला. "बघू," ते म्हणाले.

"बघू न्हाय, दाजी. मुदत ह्या आठवड्यात हाय. उद्या सकाळी बापूकडं फॉर्म भरायचा. तुम्ही सही करायची."

दाजींनी ताईकडं पाहिलं. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिनं मान खाली घातली नव्हती. दाजींनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं जे दुपारी केज रोडवर फिरताना आलं असणार.

"बरं," दाजी म्हणाले. "भरू."

"अगं, जेवू तर दे त्यांला!" आई कळवळून म्हणाली, पण तिच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पदरानं नाही, तुपाच्या हातानं पुसलं. तेवढ्यात अंगणातून अण्णांची हाक आली, वर्गातली, नेहमीची.

"मने, उद्या जातेलच बापूकडं, तर तुझा पुण्याचापण फॉर्म भरून टाका. कागदं काय काय लागतेत बघून घे."

आई पळत दारापर्यंत गेली. "अहो, काय म्हणताव? हरून आलीय ती. आणि एकटी पोर पुण्याला कशी राहील?"

"जिच्या एका शब्दावर जावई मरतोय," अण्णा बाहेरून म्हणाले, "तिची काळजी पुण्यानं करावी. आपण कशाला?"